अदपाव आटा

कुंभारीच्या पुढं, माळावर,
सकाळचे साडेसहा. वारा अजून अंगात आलेला नाही.
सव्वीस सीसीचं इंजिन,
हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेलं, सेकंडहँड,
डाव्या पंखावर आधीच्या मालकाच्या मुलीनं
चिकटवलेलं फुलपाखरू.

एक लिटर पेट्रोल, पंचवीस मिली तेल.
शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नळीनं मोजलंय मी,
तीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलो :
डोळा द्रवाच्या रेषेत हवा.
तरी थ्रॉटल दिला की
खोकतं, आणि मरतं.
चोक ओढ, पंखा फिरव.
खोकतं. मरतं.

वहीत सगळं आहे.
खालची सुई दीड आटा, वरची सव्वा,
तारीख, तापमान, प्लगचा रंग.
प्लग पांढरा, मग काळा, मग पुन्हा पांढरा.
बिस्किटासारखा दिसायला हवा म्हणतात.
कुठल्या बिस्किटासारखा, ते कोणी सांगत नाही.

नरसय्या दुडमला नातू घेऊन आला होता,
घरी बसून भिंतीशी भांडतो म्हणून.
चाळीस वर्षं जॉबर.
चोवीस मागांच्या मधोमध उभा राहिला की
धोटा कुठं अडणार ते त्याला आधी कळायचं.
आता ऐकू येत नाही.
म्हणजे येतं, पण मागच येतात.
कारखान्याला कुलूप लागून सहा वर्षं झाली,
कानातल्यांना कोणी कळवलेलं नाही.

तो उठून जवळ आला तेव्हा मी ओरडलो,
मामा, पंखा! बोटं जातील!
त्यानं हात वर करून दाखवला.
तर्जनीचं एक पेर आधीच गेलेलं.

इंजिनाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.
पंखामागं, विमानाच्या पाठीवर
तळवा ठेवला, गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवावा तसा,
आणि मान तिरकी करून माळाकडं बघत राहिला.
'उपाशी हाय की ओ मास्तर.
बसल्या जागी बरं हाय, उठताना चक्कर येतीय त्याला.'

खालची सुई मी उलटी फिरवली. किती?
त्यानं हवेत अंगठा हलवला, जेमतेम.
अदपाव.
माझ्या वहीत अदपावाला रकाना नव्हता.

थ्रॉटल दिला. नाही खोकलं.
मग मी खुणेनं सांगितलं आणि त्यानं विमान उचललं,
नाक आभाळाकडं, शेपटी पायाशी,
छातीशी घट्ट धरलं. मी पूर्ण थ्रॉटल दिला.
त्याच्या सदऱ्याची बटणं थरथरत होती,
गालही.
मला आवाज एकदम खणखणीत वाटला,
मी टॅकोमीटर दाखवला, आकडा दाखवला.
त्यानं मान हलवली. 'चढावर दमतंय.'
वरची सुई, उलटी, अगदी केसभर.
आकडा थोडा खाली आला, मला वाईट वाटलं.
आणखी केसभर.
'चालु,' तो म्हणाला.

हो, चालू आहे की, मी म्हटलं, आणखी सोडू का?
'चालु, चालु!'
माझा हात सुईवर तसाच.
नातू हसायला लागला :
'सर, आजोबा तेलुगूत बोलायलेत.
पुरे म्हणायलेत, पुरे.'

विमान गेलं.
बाभळीवरून, विजेच्या तारा टाळून, फुलपाखरासकट,
वळणावरसुद्धा त्याचा सूर खाली आला नाही.
नातू मान मोडेपर्यंत वर बघत होता.
नरसय्या नव्हता बघत.
तो आपला तळवा उघडा धरून उभा होता,
त्यात अजून काहीतरी थोडं फिरत असल्यासारखा.

दहाला ऊन तापेल, हवा पातळ होईल,
हीच सुई मग चुकीची ठरेल, हे मला ठाऊक आहे.
तरी उतरल्यावर वही काढली,
तारीख घातली, तापमान एकतीस,
आणि शेऱ्यात लिहिलं : चालु.
उकार ऱ्हस्व.