गेन शून्यावर

सावद्याला, केळी पिकवायच्या तीन नंबरच्या खोलीत
आमची तालीम चालायची.
भिंती पफच्या, दार फ्रीजसारखं जाड,
बाहेर मे महिना शेहेचाळीसवर.
आत क्रेट सारून मांडलेला ड्रमसेट,
आणि आमच्या प्रत्येक गाण्याला
अर्धवट पिकलेल्या घडांचा वास.

अ‍ॅम्प जुना, पुण्याहून लक्झरीच्या डिकीतून आलेला.
गेनचं बटण मी दहावर ठेवायचो,
अकरा असता तर अकरावर.
जाड तार तळव्यानं दाबून ठेचली
की बाहेर चिखल यायचा.
डबक्यातून म्हशी उठाव्यात तसा सूर उठायचा,
ओला, जड, उशिरा.
तायडे काठ्या खाली ठेवून म्हणायचा,
मी कुठे मारतोय, तू कुठे संपतोयस,
आहे का काही मेळ?
मी म्हणायचो, आवाज कमी पडतोय.

दगा मिस्तरीकडे नेला.
आधीची दोन पोरं गेली म्हणून आईनं ठेवलेलं नाव.
नावात दगा, सोल्डरिंगमध्ये नाही.
भुसावळच्या डिझेल शेडात तीस वर्षं काढली
आणि कान तिथेच ठेवून घरी आला.
आता तो अ‍ॅम्प ऐकत नाही,
खोक्यावर तळवा ठेवतो,
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"वाजाड," म्हणाला.
मी वाजवलं. त्यानं हात काढून घेतला.
"कसाले वाढावस रे?
येनं पोट भरेल शे.
आखो वाढशी, त ओकी टाकी."

आठ दिवसांनी तपकिरीच्या डबीत
बसवून दिलं एक पेडल.
दोन बटणं, एक खटका, एक लाल दिवा.
गेन शून्यावर. लेव्हल पूर्ण.
मला वाटलं उलटं सांगतोय, म्हातारपण.
तो काही बोलला नाही.
अंगणात मिरच्यांना नळी सोडलेली होती,
तिच्या तोंडावर त्यानं अंगठा दाबला.
पाणी तेवढंच.
धार कुंपणापलीकडच्या लिंबावर.

त्या रात्री खटका दाबला.
आवाज वाढला नाही, हे नीट सांगितलं पाहिजे,
कारण लोकांना मी सांगतो तेव्हा त्यांना वाटतं वाढला असेल.
जो आधीच ओरडतोय
त्याला आणखी मोठ्यानं ओरडता येत नाही.
फक्त तळाचा गाळ गेला,
मधला गळा पुढे आला,
आणि फटका जिथे पडला तिथेच तुटला,
कोयत्याखाली घडाचा दांडा तुटावा तसा, एका घावात.

इम्तियाज वाजवायचा थांबला.
आजोबा, म्हणाला. पिंजारी आजोबा.
दहा वर्षांच्या गादीतला कापसाचा गठ्ठा,
त्यावर धनुकलीची तात,
टण्ण. टण्ण.
आणि गठ्ठ्याचा ढग व्हायचा अंगणभर,
तो खोकत राहायचा.
एवढं बोलून इम्तियाज परत बेसकडे वळला,
चुकीच्या पट्टीत शिरला.

फुकट काहीच नसतं.
हात थांबला की डबी फुसफुसायची.
शेजारच्या खोलीचा कॉम्प्रेसर,
ट्यूबलाइटचा चोक,
शेतावरून गेलेली मोठी लाइन,
सगळं रांगेत येऊन माझ्या दोन सुरांच्या मध्ये उभं राहायचं.
सहाही तारांवर हात टेकून
गप्प बसायला मी तेव्हा शिकलो.
त्याआधी मला वाटायचं, गप्प म्हणजे न वाजवणं.

दगा मिस्तरी एकदाच आला तालमीला,
केळीच्या टेम्पोतून, पांढरी टोपी घालून.
खोक्यावर तळवा ठेवला. डोळे मिटले.
बोटं मोजत होती काहीतरी,
इंजिनाचे ठोके मोजायची तशी.
"आते कसं सुटं सुटं लागस," एवढं म्हणाला,

आणि वीज गेली.
अ‍ॅम्प मेला, कॉम्प्रेसर मेला,
तायडेची झांज हवेत थोडा वेळ राहिली.
मिस्तरीचा हात अजून खोक्यावरच.
जमिनीवर डबीतला दिवा लाल,
नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालू,
खटका दाबलेला,
लेव्हल पूर्ण,
पुढे ढकलायला कुणी नाही.