गरम मुठीची करवत

वर्लिननं ती काउंटरवर ठेवली
तेव्हाच आवाजावरून कळलं.
तरी मी दोरी ओढली. हाताला काहीच लागलं नाही,
ना दाब, ना हिसका.
नाडी लागत नाही, म्हटलं.

"उघड तरी."

प्लग काढला, आत टॉर्च मारला.
पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे,
मांजर आत कोंडल्यासारखे.
"नवा सिलिंडर टाक."
कंपनीनं बंद केला तो.
"गेल्या साली तर होता तुझ्याकडं."
होते. दोन होते, वर्लिन.
दोन्ही हिलाच बसवले.

मग तो भिंतीकडं वळला.
माझ्या दुकानात नऊ टांगल्यात.
पोरं येतात, पहिला प्रश्न: ताकद किती?
ह्यानं सीसीचा आकडा विचारला नाही.
बाजारात जनावर पाहावं तसा फिरला,
स्प्रिंगा दाबल्या, धुराड्यात बोट घातलं,
हातमोजा न काढता तेलाचं झाकण फिरवून पाहिलं.
एअर फिल्टरची कळ दोनदा उघडली, दोनदा लावली.
"चिखलात, एका गुडघ्यावर, पाऊस चालू असताना
हे निघेल का?"
निघेल.
"तू काढलंयस?"
मी दुकानदार आहे, म्हटलं.

बॅटरीवालीपाशी टोपी जरा खाली ओढली
आणि पुढं गेला.

पातं कितीचं?
"छत्तीस."

मी बिलाच्या वहीत उगाच पान उलटलं.
कोकील नदीच्या ह्या अंगाला आता
तीस इंचांवरचा ओंडका कुठली गिरणी घेत नाही,
त्यांच्या नव्या यंत्राच्या तोंडात तो मावत नाही.
हे त्याला माहीत. मला माहीत.
"गिरणीसाठी नाही," तो म्हणाला.
"वणव्यातले. शाळेच्या बसच्या रस्त्यावर
झुकलेत ना, ते फर.
आतून पोकळ आहेत. वारा नसतानाही फांद्या टाकतात.
विकत कुणी घेत नाही,
पाडायचे मात्र पैसे देतात."

वजन जोखायला त्यानं मोजा काढला.
उजव्या हाताची दोन बोटं पांढरी,
मेणबत्तीसारखी, पेरापासून नखापर्यंत.
एकतीस वर्षांची थरथर.
त्यानं ती माझ्या कॉफीच्या मगाभोवती धरली,
विचारलं नाही.
मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.
मग कॅलेंडरकडं तोंड करून:

"गरम मुठीची येते का ही?"

दहा वर्षांपूर्वी ह्याच काउंटरपाशी
कुणा पोराला तो म्हणाला होता,
गरम मूठ? उशीपण देतात का सोबत?
आख्खं दुकान हसलं होतं. मीही.

येते, म्हटलं. थोडी जड. थोडी महाग.
"काढ."

मागच्या अंगणात फरचा ओंडका ठेवलेला असतो.
त्यानं आधी खिशातली कानस काढली,
कोऱ्या साखळीचे दात घासत बसला.
कारखान्याची धार म्हणजे
शेजाऱ्याची शिफारस, म्हणे.
मग इंजिन नुसतं चालू ठेवून
डोळे मिटून ऐकलं.
"मिश्रण जरा दाट कर."
केलं.
"जरा कमी."
केलं.
मग पातं टेकवलं फक्त. जोर नाही.
भुसा नाही उडाला, कपटे उडाले,
जाड पोह्याएवढे,
त्याच्या बुटांवर, माझ्या बाहीवर.
थांबला. चेहऱ्यावर काही नव्हतं.
"जुन्या पात्याला हिचे नट बसत नाहीत," एवढंच बोलला.
नवं पातं घेतलं. पैसे मोजून दिले.

जुनीवर मी चिठ्ठी लावत होतो: सुट्या भागांसाठी.
तिच्या फिल्टरमध्ये तांबडा भुसा, देवदाराचा,
ह्या भागात देवदार पाडून किती वर्षं झाली
मला सांगता येणार नाही.
तो दारातून परत आला.
चिठ्ठी बाजूला सारून
दोरी एकदा ओढली.
काही नाही.
"पाहिलं आपलं," म्हणाला.

बाहेर त्याच्या गाडीपाशी नवी सुरू झाली.
मी खिडकीतून डोकावलो.
कापायला काही नव्हतं तिथं.
मोजे काढून, दोन्ही हातांनी,
तो ती नुसती धरून उभा होता.