लेखनिक

बर्डीच्या झेरॉक्सवाल्यानं माझा बायोडाटा उजेडाकडे धरला,
म्हणाला, "अनुभवाच्या खाली काही त लिहा ना, ताई.
पांढरं पांढरं दिसून राह्यलं."
म्हटलं, तेच त शोधून राहिली.
त्यानं सहा रुपये घेतले
आणि पांढऱ्या जागेसकट तीन प्रती दिल्या.

धंतोलीतल्या एका संस्थेत गेले, फुकट काम करते म्हटलं,
तर विचारलं, याआधी फुकट कुठं केलंय?
महाराजबागेत शाळेच्या पोरांना मोर दाखवायला माणसं हवी होती,
मी पोचले तोवर मोरापेक्षा माणसं जास्त झाली होती.
एका सरांना फक्त माझी स्कूटी हवी होती.
वाडीपासून पारडीपर्यंत पत्रकं.
पेट्रोल तुझं, पण अनुभवही तुझाच की, म्हणाले.

घरी बाबा म्हणाले, "पैसे देत नाहीत त जाते काहून?"
उत्तर होतं माझ्याकडे,
पण ते करिअरच्या शिबिरात इंग्रजीत उतरवून घेतलेलं.
ताटावर बसून सांगता येईना.

शेवटी कॉलेजच्या लायब्ररीत भोयर सर
पुस्तकावर शिक्का मारता मारता बोलले,
"अक्षर बरं आहे तुझं. बुधवारी मोकळी आहे का?"

मोरेश्वर उईके. देवलापारचा. बी.ए. दुसरं वर्ष.
पाचवीत होता तेव्हा नजर गेली.
तो सांगणार, मी लिहिणार.
इतिहास माझा विषय नाही, म्हणूनच मी चालणार होते.
उत्तरपत्रिकेवर नंबर त्याचा.
माझं नाव कुठंच नाही, आणि आडनाव तर निनावेच.

वेगळी खोली, मार्चातच लागलेला कूलर,
वाळ्याचा ओला वास.
तो स्वल्पविरामासकट सांगायचा.
पूर्णविराम म्हणताना बोट टेबलावर टेकवायचा.
चौथा प्रश्न, सीताबर्डीची लढाई.
"सन अठराशे अठरा," तो म्हणाला.

सतरा.
ज्या टेकडीखाली मी रोज बस बदलते
तिचा सन मला चौथीपासून पाठ.
पर्यवेक्षक बाई खिडकीशी पदरानं वारा घेत होत्या,
कुणी पाहिलंही नसतं.
मी लिहिलं, अठराशे अठरा.
चूक त्याची, वळण माझं.

पेपर झाल्यावर पायरीवर त्यानं काठी उघडली, कट् कट् कट्.
"सन चुकला ना माझा?"
मी गप्प.
"पेन थांबला होता तुमचा तिथं.
कूलरच्या आवाजातही आलं ऐकू."
मग बदललं काहून नाही?
"बदललं असतं त तो मार्क तुमचा झाला असता."
हसला वगैरे नाही.
इथं उसाचा रस कुठं मिळते, एवढं विचारलं.
दोन्ही गिलासांचे पैसे त्यानंच दिले,
नोटा बोटांनी मोजून.

शुक्रवारी राज्यशास्त्र.
तीन तास पेन एकाच चालीनं चालवला,
बरोबर उत्तरावर जसा, चुकलेल्यावर तसाच.
मध्ये एकदा तो मुद्दाम थांबला,
कान देऊन.
काही मिळालं नाही त्याला.
रात्री लाटणं धरवेना.
आई म्हणाली, एवढं काय लिहून आली?
तिला कसं सांगू, लिहून नाही दुखत,
हातानं काही न बोलून दुखते.

बर्डीच्या झेरॉक्सवाल्यानं कागद पुन्हा उजेडाकडे धरला.
अनुभवाच्या खाली आता एक ओळ होती:
लेखनिक, दोन पेपर, सहा तास.
"बस? इतकंच?"
"सोमवारी मराठीचा आहे," मी म्हटलं,
"त्यात निबंध आहे."
आणि प्रती एकच काढायला सांगितली.