वजा सात

एकतीस वर्षं वैधमापन खात्यात काढली.
इतवारीच्या पेढ्यांवर, कळमन्याच्या यार्डात
तराजूची दांडी डोळ्यांपाशी धरून
काटा मारणारे शोधत हिंडलो.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच पाहिली,
पोकळ करून लाखेनं बुजवलेलं पाच किलोचं माप पाहिलं.
शून्याच्या खाली कोणाला उतरताना पाहिलं नव्हतं.

परवा शेजारच्या मेश्रामांची उत्पला आली,
फुटाळ्यावरून आणलेला गॅसचा फुगा मनगटाला बांधून.
"आजोबा, याले तुमच्या काट्यावर ठेवा न."
ठेवू कसा? तो छताकडे पळतो.
मग चहाचा कप ठेवला, आकडा शून्यावर आणला,
कपाच्या कानाला दोरा बांधला.

वजा सात ग्रॅम.

"म्हणजे हा ज्याले बांधला त्याचं वजन कमी होते?
मंग माह्या दप्तराले किती लागतीन?"
तिनं बोटांवर हिशोब मांडला.
बोटं पुरली नाहीत, माझीही घेतली.

मी म्हटलं, बाई, उणं वजन कोणाचंच नसतं.
रबराला आहे, आतल्या गॅसलाही आहे थोडं.
पण यानं जेवढी जागा अडवली
तेवढी हवा याच्याहून जड.
ती खाली घुसते आणि याला वर सारते,
रेशनच्या रांगेत मागून आलेल्या दांडग्या माणसासारखी.
अंबाझरीच्या गाळात शिंपले राहतात ना,
तसे आपण हवेच्या तळाशी राहतो.

"अन् हवाच नसली तं?"
तर हा गोट्यासारखा पडेल.
तिला ते आवडलं नाही.

रात्री झोप लागेना.
म्हणजे सगळ्यात मोठी काटामार हवाच,
आणि तिच्यावर मी एकदाही खटला भरला नाही.
किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड,
या कोड्याला हसणारा मी;
खरं तर काट्यावर सारखे उतरले तर कापूसच जास्त असतो,
क्विंटलमागे साठ-पासष्ट ग्रॅम.
तो जागा जास्त अडवतो, हवा त्याला जास्त उचलते.
इतकी वर्षं मी शिक्के मारले
ते या उचललेल्या जगावर.
मलाही ती उचलून धरते म्हणे,
साधारण अर्ध्या संत्र्याएवढं.

संत्र्यावरून कुंदा आठवली.
आंबिया बहाराची पेटी आली की
ती बादलीत संत्री टाकायची धुवायला,
सगळी तरंगायची, एकमेकांना ढुशा देत.
एकदा सोललेलं एक माझ्या हातून निसटलं
आणि सरळ तळाला गेलं.
मी म्हटलं, साल गेली, भार कमी झाला,
तरी बुडालं कसं?
ती म्हणाली, "काहून विचारता?
सालीतच तं त्याची हवा होती."
आणि बाही वर करून काढून दिलं.

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, घर हलकं करू.
पातळं दिली, शिलाई मशीन दिलं,
लोणच्याच्या बरण्या, पाट, दोन ट्रंका.
खोल्या मोकळ्या झाल्या.

मी पुढचं बोलत नाही.

फुगा उत्पला इथंच विसरली होती.
पहिल्या दिवशी छताला होता,
दुसऱ्या दिवशी माणसाच्या उंचीवर,
पंख्याच्या वाऱ्यानं खोलीभर फिरत,
दारापाशी जरा थांबत, कोणी येणार असल्यासारखा.
आज सकाळी पलंगाखाली सापडला,
सुकलेल्या मिरचीसारखा.

काट्यावर ठेवला.
तीन ग्रॅम.

शाळेतून येता येता तिनं खिडकीतून विचारलं,
"आता बसलं का वजन?"
म्हटलं, नवीन काही बसलं नाही गं.
एवढं तर त्या दिवशीही होतं.