अग्निमेघ, पातळी पहिली

दांडिया बाजारात, फरसाणाच्या दुकानावर,
जिथे दिवसा मी अकरावीला त्रिकोणमिती शिकवते,
तिथे शनिवारी रात्री आम्ही पाचजण फासे टाकतो.
फळ्यावर अर्धवट पुसलेला साइन थीटा, टेबलावर भुयारांचा नकाशा,
आणि खालचा तळणीचा वास
जिना चढून येतो, न बोलावता.

त्या शनिवारी वासामागोमाग कारखानीसकाका आले.
प्रतापनगरच्या रेल्वे स्टोअर्समधून निवृत्त. काखेत रजिस्टर.
भाचीने सांगितलं होतं म्हणे, इथे कागदावर माणसं घडवतात.
"माणूस तयार आहे," म्हणाले,
"फक्त तुमच्या मापात बसवा."

सन अठ्ठ्याहत्तर. जेवणाच्या सुटीत,
नटबोल्टांच्या नोंदींमागे, शेवटच्या पानापासून उलटं:
अग्निमेघ. हिरव्या बॉलपेनने.
उडतो. डोंगर उचलतो. पाण्याखाली श्वास घेतो.
भिंतीपलीकडचं बघतो. गोळी लागत नाही. झोप लागत नाही.
समासात "मरत नाही",
खाली दोन रेघा.

काका, म्हटलं, पहिल्या पातळीला सत्तर गुण मिळतात.
ह्याचे होतात नऊशे चाळीस.
त्यांनी चष्मा पुसला.
"मागणी किती, मंजुरी किती.
अडतीस वर्षं दुसरं काय केलं?"

मग घासाघीस. मंगळ बाजारात
परकराच्या कापडावरून चालते तशी.
उडणं तीस गुण. "उडी द्या. मांडवीच्या कमानीएवढी."
नाही परवडत.
"दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीएवढी तरी?"
दिली.
डोंगर गेला, ट्रक गेला,
उरलं गोदरेजचं कपाट एकट्याने सरकवणं.
पाण्याखालचा श्वास त्यांनी आपणहून खोडला:
विश्वामित्रीत मगरी आहेत, उतरायचंच कशाला.
भिंतीपलीकडचं बघणंही.
"रेल्वे कॉलनीत राहिलोय. भिंती बऱ्या असतात."
प्रत्येक ओळीवर लाल रेघ, बाजूला सही, तारीख,
मोडीत काढलेल्या मालाला असते तशी.

समासापाशी पेन थांबलं.
ह्याला नऊ प्राण, मी म्हटलं.
"नऊ म्हणजे?"
नऊ घाव सोसेल.
"आणि नंतर?"
नंतर नवा कागद.
कोणीतरी लीलो चेवडा पुढे केला,
त्यांनी एकच मनुका उचलला आणि तो कितीतरी वेळ चघळला.
मग रकान्यात ९ लिहिला, स्टॉक टॅली झाल्यासारखा नीट.

एकच गोष्ट सोडेनात.
"अग्निमेघ कधी लेट होत नाही."
अशी शक्ती माझ्या पुस्तकात नाही, काका.
"घाला."
अकरा गुण लागतील. तलवार जाईल.
"जाऊ दे. तलवारीने कोण वेळेवर पोचलंय?"

अकराच्या सुमाराला खेळात विहीर आली.
काठाखाली, दोराला लोंबकळत एक पोरगं.
बाकीचे चौघे अजून जंगलात,
अग्निमेघ मात्र हजर. ठरल्या मिनिटाला.
उडी मारतो, काका म्हणाले,
आणि वीस बाजूंचा फासा आयुष्यात पहिल्यांदा टाकला.

एक.

फासा त्यांनी उचलून उजेडात धरला,
सदोष माल परत पाठवायचा असावा तसा.
"पडला?"
पडला. कठड्यावर आपटला.
"लागलं?"
चार.
नवातून चार गेले. शिल्लक पाच. खाली सही केली नाही.

मग खुर्ची पुढे ओढून, दोन्ही कोपरं टेबलावर रोवून म्हणाले,
"शेहेचाळीस वर्षं झाली,
हा कधी पडलाच नव्हता हो.
पडल्यावर काय करतात, मला लिहायलाच लागलं नाही कधी."
आवाज कसला होता ते मला नेमकं सांगता येणार नाही,
पण दुःखाचा नव्हता.

खाली शटर पडलं. माझ्या शेवटच्या बसची वेळ टळली.
विहिरीत पोरगं तसंच लोंबकळतंय,
कठड्यापाशी अग्निमेघ, गुडघा फुटलेला,
आणि रजिस्टर मिटून बाजूला सारत काका विचारतायत,
"फासा कुठे गेला? इथेच होता."