निझव्यात गाडी लावली

किल्ल्याच्या मागे, कोरड्या ओढ्याच्या काठाला
विश्रामने गाडी लावली,
तीनदा मागे, दोनदा पुढे,
मी खाली उभी राहून हात दाखवत: ये, ये, बस्स.
भाड्याचं घर, चाकांवरचं.
दोन बर्नर, एक बेसिन, आणि पलंग असा
की एकाने कूस बदलली तर दुसऱ्यालाही बदलावीच लागते.
रविवारी चारच्या आत मस्कतला परत द्यायचंय,
टाकी भरून, चादरी झाडून.

सव्वीस वर्षं रूवीत काढली.
क्रेनच्या केबिनमधून त्याला समुद्र दिसायचा,
मला लॅबच्या काचपट्टीवर लोकांचं रक्त.
देश म्हणाल तर तो बसच्या खिडकीतून पाहिला,
तोही ड्यूटीला जाताना,
म्हणजे डोळे मिटून.
आता व्हिसाला नऊ दिवस उरलेत
आणि आम्ही पर्यटक झालोय.

शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार.
इथे गिऱ्हाईक जागचं हलत नाही, माल फिरतो:
म्हातारे, पोरं, नाकावर काळा मुखवटा बांधलेल्या बाया
दोरीला धरून जनावर गोल गोल नेतात
आणि भाव ओरडतात.
एक शेळी माझ्यासमोर थांबली,
कामाचं विचारायला आल्यासारखी बघत राहिली.
विश्राम म्हणाला, "आपणही असेच फिरलो होतो
एजंटच्या हापिसात.
माझे तर दातसुद्धा बघितले होते."
मी हसले. तो हसला नाही.

पलीकडे भाजी.
हमूद, असेल अकरा वर्षांचा,
लिंबं तराजूत घालत नाही, ओंजळीने मोजतो;
दोन ओंजळी विकल्या
आणि तिसरी तशीच माझ्या पिशवीत ओतली.
शेजारी सुकवलेली मोरी टांगलेली:
वास आला मात्र,
विश्राम उभ्या उभ्या वेंगुर्ल्याला जाऊन आला.
आणि मेथी!
जुडी अशी की मुळांना माती तशीच, ओली.
इतकी वर्षं मी मेथी सुपरमार्केटच्या प्लास्टिकमधून काढली,
कुणाच्या शेतातली, हे विचारायचं सुचलंच नाही.
आज विचारलं.
हमूदने नुसतं बोट दाखवलं:
तिकडे, खजुरांच्या आत.

तर गेलो तिकडे, मेथी काखेत घेऊनच.
मातीच्या भिंतींमधली वाट; दोघं शेजारी चालले
तर एकाने पाण्यातून चालायचं.
हे पाणी म्हणजे फलज, इथले लोक म्हणतात.
पाटच की.
विश्राम उकिडवा बसला, मनगटापर्यंत हात बुडवला.
"आमच्या कुळागरात..." म्हणाला
आणि वाक्य तिथेच ठेवलं.
कुळागर भावांनी वाटून घेतलं
तेव्हा हा चाळीस मीटर उंचावर होता,
फोनला रेंज नव्हती.

वळणावर जलाल भेटला, नोआखालीचा.
एक दगड आणि एक चिंधी,
एवढ्यावर तो अख्खा पाट वळवतो.
म्हणाला, इथे पाणी वाटत नाहीत, वेळ वाटतात.
पूर्वी काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर,
आता माझ्या मोबाइलवर.
आमच्या मालकाची पाळी अर्ध्या तासाची.
अजून सहा मिनिटं आहेत.

आम्ही थांबलो.
दुसरं काम तरी काय होतं?
पाणी वाफ्यात शिरताना सुकी माती आवाज करते,
अगदी हलका,
शिळी भाकरी कुस्करल्यासारखा.
मग जलालने चिंधी ओढली, दगड सरकवला,
पाणी शेजाऱ्याकडे गेलं.
त्याने चिंधी पिळून खांद्यावर टाकली
आणि मला विचारलं,
"तुमच्याकडे मेथीत बटाटा घालतात?"

रात्री दोनपैकी एकच बर्नर पेटला.
लसूण, मेथी, वरून हमूदच्या हिशेबाबाहेरचं लिंबू.
घरभर वास. म्हणजे गाडीभर.
"डिपॉझिटमधून कापतील," विश्राम म्हणाला,
आणि खिडकी उघडायला
उठला मात्र नाही.