देवास नाक्यावर

एकसष्ट हजार किलोमीटर, दुसरा मालक.
दलाल बॉनेट उघडून हेमांगला म्हणतो,
"भिया, इंजन एकदम मक्खन."
मला इंजिनातलं काही कळत नाही.
मी मागचं दार उघडते
आणि रेवाला सीटवर बसवून बघते,
पट्टा तिच्या खांद्यावर येतो की गळ्यावर.

गळ्यावर.
वेगळी खुर्ची घ्यावी लागेल. तीन हजार.

हेमांग टायरला लाथ मारतो,
कुणीतरी सांगितलंय त्याला तसं.
त्याच्या खिशातल्या कागदावर
हप्ता, पाळणाघर, आईंच्या गोळ्या
आणि अगदी खाली, पेन्सिलीनं, पेट्रोल?

पलासियाच्या सिग्नलला रेवा आमच्यामध्ये झोपते.
एका हातानं मी तिची मान धरते,
दुसऱ्यानं हेमांगचा शर्ट,
पिशवी गुडघ्यांत.
हिरवा लागू नये असं वाटतं तेव्हा.

काचेवर अर्धवट खरवडलेलं अस्वल,
डोकं गेलेलं.
सीटच्या फटीत बोट घातलं तर
शेवेचा चुरा, लवंगेची.
"त्यांचं मूल केवढं झालं आता?"
हा प्रश्न दलालाला कुणी विचारलेला नसावा.
"होगा कॉलेज में," तो म्हणतो
आणि का कोण जाणे,
पाच हजार आपणहून उतरवतो.

विचार करून सांगतो, म्हणून आम्ही निघालो.
वाटेत हेमांग म्हणाला, एसी जरा कमजोर आहे.
हो, म्हटलं.

घरी उतरलो तर
स्कूटरच्या सीटवर निळी रेघ,
आणि रेवाच्या मुठीत
कुणा दुसऱ्याच्या मुलाचा
मेणाचा खडू.